लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र वर्कशॉपमध्ये कसं बसवतात? कोरपन्याच्या सुतारासाठी सविस्तर माहिती

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरच्या वन आगारातलं सागवान वाजतगाजत अयोध्येला रवाना झालं. राम मंदिराच्या दारांसाठी ते निवडलं गेलं होतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांसाठी ती मानाची गोष्ट होती. पण त्या दारांवरची नक्षी इथे कोरली गेली नाही. ते काम अयोध्येतल्या कार्यशाळेत हैदराबादच्या एका कंपनीच्या कारागिरांनी केलं.

या भागातल्या लाकडाच्या धंद्याची जुनी अडचण यात दिसते. लाकूड इथलं असतं, पण त्याची किंमत वाढवणारं काम बाहेर होतं. कोरपना, गडचांदूर, राजुरा भागात कोणाला कोरीव दार किंवा देव्हारा हवा असेल तर ऑर्डर अनेकदा मोठ्या शहराकडे जाते. त्यामुळे गावातल्या फर्निचरवाल्यांच्या मनात एकच प्रश्न घोळतो : आपणच सीएनसी मशीन आणलं तर?

मशीन आणणं सोपं आहे, कर्ज मिळालं की ते ट्रकमधून येतं. खरी परीक्षा ते बसवताना होते. हे यंत्र सांगितलेली हालचाल हजार वेळा तशीच करतं. म्हणजे जमीन तिरकी असेल, वीज कमीजास्त होत असेल किंवा लाकूड ओलं असेल, तर ती चूकही ते हजार वेळा तशीच करतं. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू होतो.

राऊटर की लेझर?

लाकडावर कोरणारी यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची असतात.

पहिलं राऊटर. यात स्पिंडल नावाची वेगवान मोटर असते. तिच्या टोकाला बसवलेलं बिट मिनिटाला १८ ते २४ हजार फेरे घेत लाकूड खरवडून काढतं. दारावरची उठावाची नक्षी, देव्हाऱ्याची कमान, पलंगाची पाठ, जाळीकाम ही सगळी राऊटरची कामं.

दुसरं लेझर. ते लाकूड खरवडत नाही, जाळतं. नावाची पाटी, सन्मानचिन्ह, पातळ प्लायमधली जाळी यासाठी ते उत्तम. खोल नक्षी त्याच्याने होत नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : लेझरवर पीव्हीसीचा पत्रा कधीही कापू नये. त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त धूर माणसाची फुप्फुसं आणि यंत्राचे भाग दोन्ही खराब करतो.

दार-चौकटीचं काम करणाऱ्याला राऊटरच लागतं. बाजारात '१३२५' नावाने ओळखलं जाणारं यंत्र सर्वाधिक दिसतं. याचा अर्थ १३०० बाय २५०० मिमीचा बेड. त्यावर प्लायची आठ बाय चार फुटांची पूर्ण शीट मावते. ज्यांचं काम मुख्यतः पाट्या, देव्हारे आणि लहान पॅनेलचं आहे, त्यांना दोन बाय तीन फुटांचं लहान यंत्रही पुरतं. २.२ किलोवॅटच्या स्पिंडलचं असं यंत्र सिंगल फेजवर, स्वतंत्र लाइन टाकून चालवता येतं.

जागा : आधी खालची माती बघा

१३२५ यंत्र स्वतः साधारण साडेसहा फूट रुंद आणि साडेदहा फूट लांब असतं. चारही बाजूंनी तीन फूट जागा मोकळी हवी, नाहीतर शीट चढवता येत नाही आणि दुरुस्तीला हात पोहोचत नाही. म्हणजे किमान १३ बाय १७ फुटांची खोली फक्त यंत्रासाठी धरावी. फळ्या ठेवायची जागा वेगळी.

यंत्राचं वजन टनाच्या आसपास जातं. कोरपना हा कापसाचा पट्टा, म्हणजे जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा करून यंत्र ठेवलं, तर मे महिन्यात लेव्हलमध्ये असलेला बेड ऑगस्टमध्ये तसा राहत नाही. घरांच्या भिंतींना याच कारणाने तिरक्या भेगा पडतात, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल.

उपाय त्याच गवंड्याच्या ओळखीचा आहे. यंत्राच्या जागेची काळी माती खोदून काढायची, मुरूम थरथराने टाकून धुम्मस करायचा आणि वर सळई टाकून किमान सहा इंची काँक्रीटचा ओटा भरायचा. त्याला पाणी नीट मारायचं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात, त्यामुळे यंत्राची तारीख ठरवण्याआधी ओट्याची तारीख ठरवावी. गडचांदूर आणि आवारपूरचे सिमेंट कारखाने याच तालुक्यात आहेत. सिमेंट दाराशी असताना ओट्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

वीज : बेरीज कागदावर करा

विक्रेता बहुतेक वेळा फक्त स्पिंडलचा आकडा सांगतो. पण स्पिंडल एकटं चालत नाही. मोठ्या यंत्राचं उदाहरण घेऊ :

- स्पिंडल : ५.५ किलोवॅट
- शीट धरून ठेवणारा व्हॅक्यूम पंप : ५.५ किलोवॅट
- भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर : २.२ किलोवॅट
- बाकी मोटर, कंट्रोलर, दिवे : सुमारे २ किलोवॅट

एकूण १५ किलोवॅटच्या वर. यासाठी महावितरणकडून थ्री फेज जोडणी आणि तेवढा मंजूर भार लागतो. सागाच्या फळीवर काम असेल तर व्हॅक्यूम पंप सुरुवातीला टाळता येतो. फळी क्लॅम्पने किंवा कडेला स्क्रू मारून घट्ट धरता येते. पंप खरा उपयोगी पडतो तो प्लाय आणि एमडीएफच्या सपाट शीटसाठी. पंप वगळला की भार दहा किलोवॅटच्या आत येतो.

दुसरी गोष्ट अर्थिंग. यंत्राच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावेत आणि ते इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्यावेत. भुसा प्लास्टिकच्या पाइपमधून धावतो तेव्हा स्थिर वीज तयार होते. ती कंट्रोलरमध्ये शिरली की यंत्र मध्येच भरकटतं आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. म्हणून त्या पाइपलाही तांब्याची तार गुंडाळून अर्थ द्यावा. विदर्भात पावसाळ्यापूर्वी विजा कडाडतात, त्यामुळे पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर असावा. दाब कमीजास्त होत असेल तर सर्वो स्टॅबिलायझर लागतो.

वीज गेली तर काय, हे खरेदीआधीच विचारावं. काही कंट्रोलरमध्ये काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करण्याची सोय असते. ती विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावी : काम चालू असताना मेन स्विच बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि नक्षी जुळते का ते बघायचं.

उन्हाळा : ४० अंशांची मर्यादा

स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हची पूर्ण क्षमता साधारण ४० अंश तापमानापर्यंत धरलेली असते. त्यापुढे तो पूर्ण भार पेलत नाही आणि गरम होऊन बंद पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहूनही जास्त.

म्हणून पॅनेल भट्टीसारख्या तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. त्याला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि धूळ अडवणारी जाळी असावी. एप्रिल-मेमध्ये मोठी कामं पहाटे आणि संध्याकाळी लावावीत. स्पिंडल पाण्याने थंड होणारं असेल तर बादलीभर पाणी पुरत नाही. मोठी टाकी सावलीत ठेवावी, त्यात क्षार नसलेलं पाणी घालावं आणि ते वेळोवेळी बदलावं. परत येणारं पाणी हाताला गरम लागू लागलं की काम थांबवावं.

या भागात आणखी एक शत्रू आहे : हवेतली चुनखडी आणि सिमेंटची धूळ. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यांना ग्रीस लागलेलं असतं. त्यात ही धूळ मिसळली की तिचा पॉलिश पेपर होतो आणि पट्ट्या झिजतात. रोज काम संपल्यावर पट्ट्या पुसणं, ठरलेलं तेल किंवा ग्रीस लावणं आणि यंत्र झाकणं, एवढ्याने त्यांचं आयुष्य वाढतं.

यंत्र गुण्यात कसं आणतात?

यंत्र बसवायला आलेला माणूस एका दिवसात जातो. पुढची तपासणी मालकाला स्वतः यायला हवी. क्रम असा :

१. लेव्हल. पायांचे बोल्ट फिरवून बेड दोन्ही दिशांनी लेव्हलमध्ये आणायचा. गवंड्याची साधी लेव्हल इथे पुरत नाही, मशीनची बारीक लेव्हल लागते. आठवड्याने पुन्हा बघायचं, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा.

२. काटकोन. यंत्राकडून ९०० बाय १२०० मिमीच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक टिंब मारून घ्यायचे. दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही बरोबर १५०० मिमी आले पाहिजेत. एक कर्ण जास्त आणि दुसरा कमी भरला, तर वरचा आडवा पूल तिरका बसला आहे. तो तसाच ठेवला तर प्रत्येक दार तिरकं निघेल.

३. माप. यंत्राला १००० मिमी सरकायला सांगायचं आणि पट्टीने मोजायचं. ९९८ भरलं, तर कंट्रोलरमधला दर मिलिमीटरच्या पल्सचा आकडा १००० भागिले ९९८ ने गुणायचा. तिन्ही दिशांना हे वेगवेगळं करायचं.

४. स्पिंडलचा ओळंबा. वीज बंद करून स्पिंडलला डायल गेज लावायचा आणि हाताने गोल फिरवायचा. चारही बाजूंना आकडा जवळपास सारखा हवा. फरक असेल तर स्पिंडल कललेलं आहे. मग सपाट केलेल्या लाकडावर शेतातल्या सऱ्यांसारख्या बारीक रेषा उमटतात.

५. बेडवरचा थर. बेडवर १८ मिमीचा एमडीएफ स्क्रूने बसवायचा आणि यंत्राच्याच रुंद बिटने त्याचा अर्धा ते एक मिमीचा थर काढून टाकायचा. आता तो थर बिटाच्या चालीला समांतर झाला. हे काम शेवटी करायचं. आधी केलं आणि मग स्पिंडल हलवलं, तर ते फुकट जातं.

बिट आणि वेग

सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. त्यामुळे साग कोरताना बिटाची धार लवकर जाते. कार्बाइडचीच बिटं घ्यावीत आणि किमान एक जादा संच जवळ ठेवावा. दाराच्या नक्षीला साधारण दोन बिटं लागतात : आधी जाडसर लाकूड काढायला ६ मिमीचं सपाट, मग नक्षी उठवायला निमुळतं, गोल टोकाचं.

वेग अंदाजाने ठरवू नये. सूत्र सोपं आहे : फेरे गुणिले बिटाच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायची चकती. १८,००० फेरे, २ धारा आणि ०.१ मिमी चकती धरली तर मिनिटाला ३,६०० मिमी. वेग यापेक्षा खूप कमी ठेवला तर बिट कापत नाही, घासतं. लाकूड काळं पडतं, जळका वास येतो आणि धार जाते. भुसा पिठासारखा निघत असेल तर वेग कमी आहे किंवा बिट बोथट झालं आहे, असं समजावं.

लाकडाची ओल

हाताने कोरणारा कारागीर लाकूड ओलं आहे हे पटाशीच्या पहिल्या घावाला ओळखतो. यंत्राला ते कळत नाही. म्हणून ओलावा मोजायचं छोटं मीटर यंत्रासोबतच घ्यावं. दार आणि फर्निचरसाठी ८ ते १२ टक्के ओल योग्य. जास्त असेल तर फळ्या मध्ये काड्या घालून, सावलीत, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात.

कोरडी फळीसुद्धा कोरल्यावर वाकू शकते. एकाच बाजूचं लाकूड काढलं की आतला ताण सुटतो. रुंद अखंड फळीऐवजी अरुंद पट्ट्या, रेषा आलटून पालटून, चिकटवून केलेलं पॅनेल कमी वाकतं.

देवनागरी अक्षरांची गोम

गावात पाट्यांची कामं भरपूर येतात : घराचं नाव, ग्रामपंचायत, शाळा, देवस्थान. इथे नवशिक्यांची हमखास फजिती होते. कोरीवकामाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर थेट टाइप केला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व इकार भलत्या जागी जातो. शिवाय प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळा तुकडा असते. यंत्र दोन तुकड्यांच्या सांध्यावरही कोरतं, आणि शिरोरेषेत आडवे काप दिसतात.

म्हणून मजकूर आधी मराठी नीट हाताळणाऱ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये लिहावा. इंकस्केप फुकट मिळतं. मग अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर करून सगळे तुकडे एकसंध करावेत आणि तेव्हाच फाइल यंत्राकडे द्यावी. ग्राहकाकडून शुद्धलेखन तपासून सही घ्यावी. लाकडावरचा चुकलेला काना खोडरबराने पुसता येत नाही.

भुसा, आवाज आणि दुपट्टा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सागाच्या बारीक धुळीने त्वचेला खाज आणि दम्याचा त्रासही होतो. रंध्याचा भुसा जमिनीवर पडतो, राऊटरची धूळ हवेत तरंगते. डस्ट कलेक्टर नंतर घेऊ असं म्हणू नये. तो यंत्राचाच भाग समजावा. जोडीला एन-९५ मास्क, चष्मा आणि कानाला संरक्षण. हवेतली बारीक धूळ पेटही घेते, त्यामुळे खोलीत बिडी-सिगारेट आणि वेल्डिंग नको, आणि अग्निशामक भिंतीला असावा.

विदर्भात उन्हाळ्यात डोक्याला आणि गळ्याला दुपट्टा असतोच. यंत्राजवळ जाताना तो काढून ठेवावा. साडीचा पदर, सैल बाही, हातमोजे यांनाही तोच नियम. फिरत्या बिटात कापडाचं टोक अडकलं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. लाल रंगाचं आपत्कालीन बटण कुठे आहे, हे वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला माहीत हवं.

कागदपत्रं : लाकडाची आणि पैशाची

जंगल जिल्ह्यात सागाची फळी कुठून आली हा प्रश्न कधीही विचारला जाऊ शकतो. सागवानाच्या वाहतुकीला परवाना लागतो. आगाराच्या लिलावाची पावती, आरागिरणीचं बिल आणि वाहतूक परवाना, हे सगळं कामानुसार फाइलमध्ये लावून ठेवावं. गोल लाकूड चिरणाऱ्या आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो. तयार फळी आणि प्लायवर कोरणं हे काम वेगळं आहे. पण वर्कशॉपमध्ये मोठी करवतही असेल, तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारून घ्यावं.

पैशाच्या बाजूने उद्यम नोंदणी करावी. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आहेत. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख असं कर्ज मिळतं. पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या नव्या उद्योगाला सर्वसाधारण गटात २५ टक्के आणि विशेष गटात ३५ टक्के अनुदान आहे.

इथे क्रम महत्त्वाचा. पीएमईजीपी नव्या उद्योगासाठी आहे, त्यामुळे यंत्र घेऊन काम सुरू केल्यावर अर्ज केला तर अडचण येते. आणि मागच्या पाच वर्षांत पीएमईजीपीचं कर्ज घेतलेल्याला विश्वकर्माचं कर्ज मिळत नाही. कोणती योजना आपल्या कामाला पुरते, हे कोटेशन मागवण्याआधी ठरवावं.

एका दाराला किती तास?

सर्वात जास्त फसगत इथे होते. समजा दारावर ६०० बाय १८०० मिमीची नक्षी उठवायची आहे. शेवटच्या फेरीत बिट दर ओळीला ०.३ मिमी सरकतं. म्हणजे ६०० भागिले ०.३, अशा २,००० ओळी. प्रत्येक ओळ १.८ मीटर. एकूण ३,६०० मीटरचा प्रवास. मिनिटाला ३ मीटर वेग धरला तर १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास. जाडसर कोरण्याचा वेळ वेगळा.

तीच नक्षी ०.५ मिमी सरकवून आणि मिनिटाला ४ मीटर वेगाने केली तर ९ तास लागतात. थोड्या रेषा दिसतात, त्या पॉलिश पेपरने घासाव्या लागतात. कोणती सफाई, किती पैशांत, हे ग्राहकाला दोन नमुने दाखवून ठरवावं. तासाला चार युनिट वीज धरली तर २० तासांच्या कामाला ८० युनिट लागतात. त्यात बिटाची झीज, माणसाची मजुरी आणि कर्जाच्या हप्त्याचा तासाचा वाटा मिळवला की खरा दर निघतो. शेजारच्याने काय दर लावला ते बघून ठरवलेला दर बहुधा तोट्याचा असतो.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी ग्राहकाचं लाकूड चढवू नये. आधी बिट हवेतच ठेवून पूर्ण फाइल चालवून बघावी. मग एमडीएफच्या तुकड्यावर, मग सागाच्या टाकाऊ फळीवर. प्रत्येक वेळी बिट, फेरे, वेग, खोली आणि निकाल एका वहीत लिहावा. महिन्याभरात ती वही विक्रेत्याच्या माहितीपुस्तकापेक्षा जास्त कामाची होते, कारण तिच्यात आपल्या वर्कशॉपचा साग, आपली वीज आणि आपलं तापमान असतं.

आणि जुन्या सुताराला बाजूला करू नये. गोल फिरणारं बिट आतला कोपरा कधीच टोकदार काढत नाही. पाकळीच्या फटीत, मोराच्या चोचीखाली, चौकटीच्या कोनात थोडं लाकूड उरतंच. ते काढायला पटाशी आणि ती धरणारा हात लागतो. यंत्राने २० तास कोरलेलं दार शेवटच्या दोन तासांत त्याच हाताखालून गेलं, तर ग्राहक पुढच्या वेळी बाहेरगावी ऑर्डर द्यायचं कारण शोधत नाही.